कोकण किनारा आणि विकिपीडिया: कामाच्या नोंदी, ऑक्टोबर ते एप्रिल

५ ऑक्टोबर २०२५

मराठी विकिपीडियावरचं माझं सदस्य पान आज नव्याने लिहायला घेतलं. तिथे तीन मथळे आहेत, आवडी, भटकंती आणि लक्ष्य. आवडींत जलदुर्ग, खाड्या, कातळशिल्पं, जुनी देवळं. भटकंतीत वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंतची गावं. लक्ष्याखाली एकच वाक्य होतं, ‘मराठीत कोकणाची नीट माहिती यावी’. असलं लक्ष्य कधी पूर्ण झालं ते कळणारच नाही, म्हणून ते काढून टाकलं आणि असं लिहिलं: जिथे जिथे मी स्वतः जाऊन आले त्या ठिकाणाचा मराठी लेख शोधायचा, नसला तर लिहायचा, असला तर त्यात निदान एक छापील संदर्भ आणि मी काढलेला एक बरा फोटो घालायचा.

आत्ताच का, तर जुलैत मराठा लष्करी स्थापत्य म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले चार तर थेट आपल्या समुद्रातले, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. आता लोक मोबाईलवर हीच नावं टाकून वाचणार, आणि पहिलं जे पान उघडेल तेच खरं धरणार.

नोंदी लिहून ठेवतेय कारण आपल्या तालुक्याचं असं काम करायचंय म्हणणारे बरेच जण भेटतात आणि सगळ्यांचं घोडं तीन-चार ठराविक जागी अडतं.

११ ऑक्टोबर

आज बाहेर नाही, नुसतं संदर्भांचं काम. पहिला आधार जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडी, १८८० सालचा. स्कॅन फुकट मिळतो, कॉपीराइटची भानगड नाही. पण शोध मारला की काहीच सापडत नाही, कारण त्यात गावांची स्पेलिंगं सगळी साहेबी वळणाची. विजयदुर्ग म्हणून शोधलंत तर हात हलवत परत याल, घेरिया, विझियाद्रुग, विझियादुर्ग असं सगळं टाकून बघावं लागतं. मी एका वहीत प्रत्येक ठिकाणापुढे अशी जुनी स्पेलिंगं लिहायला सुरुवात केलीय, ही वही पुढे फार कामाला येणार. संध्याकाळ त्यातच गेली.

अजून एक. ब्रिटिश कागदांत आंग्रे म्हणजे चाचे, सरळ. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते आणि किनाऱ्यावर दस्तक, म्हणजे परवाना घेतल्याशिवाय जहाज जाऊ द्यायचं नाही हा त्यांचा हक्क होता, तो ज्यांना मान्य नव्हता त्यांनी ते लिहिलंय. तर नियम असा केला की त्यातल्या तारखा आणि मापं घ्यायची, विशेषणं घ्यायची नाहीत.

२ नोव्हेंबर

पूर्णगड. पावस गावाहून पुढे, मुचकुंदी समुद्राला मिळते तिथला छोटासा किल्ला. दादाच्या बाईकवर, पेट्रोल ३०० रुपयांचं.

किल्ला लहान, तासाभरात फिरून होतो. महादरवाजा, समुद्राकडचा दरवाजा, तटावरून चालत पूर्ण फेरी. फोटो भरपूर काढले आणि घरी येऊन बघितले तर एकातही किल्ला इथे का बांधला ते दिसत नाही. नुसता दगड, नुसता दरवाजा, असले फोटो कुठल्याही किल्ल्याचे असू शकतात. पूर्णगडचं सगळं महत्त्व खाडीच्या तोंडावर बसण्यात आहे, आत येणारं प्रत्येक गलबत त्याच्या नजरेखालून जाणार. म्हणून पुढच्या आठवड्यात परत गेलो, पूल ओलांडून गावखडीच्या बाजूला, आणि तिथून नदीचं मुख, वाळू आणि वर किल्ला असा एक फोटो घेतला. लेखाच्या कडेच्या माहितीचौकटीत तोच लावला. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी आधी लांबून जागा कळेल असा फोटो काढा, मग आत जा. दुपारी तर जाऊच नका, जांभा दगड कडक उन्हात काळा ठिक्कर येतो, सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर तोच दगड तांबूस उठून दिसतो.

१४ नोव्हेंबर

कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त फोटोंच्या साठ्यात, चढवलेले काही फोटो काढून टाकण्यासाठी नोंदवले गेलेत. सगळे माहितीफलकांचे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागी कायमचे असलेले पुतळे आणि इमारती यांचे फोटो काढून प्रसिद्ध करायला मोकळीक आहे, पण सपाट चित्र, नकाशा, लिहिलेला मजकूर यांना ती लागू नाही. म्हणजे किल्ल्याचा फोटो चालतो, किल्ल्यापुढच्या फलकाचा नाही, आणि देवळातल्या नव्या भित्तिचित्राचाही नाही. लोकांना वाटतं फलकाचा फोटो म्हणजे संदर्भ, मलाही तोच सगळ्यात भरवशाचा वाटायचा. पण फलक कोणी लिहिला, कशावरून लिहिला, काही कळत नाही. आता फलकाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवायचा, त्यातले दावे वहीत उतरवायचे आणि प्रत्येक दाव्याला वेगळा छापील आधार शोधायचा.

परवान्याबद्दल घरी पण बोलणं झालं. काकांचं म्हणणं, तू उन्हातान्हात फिरून फोटो काढायचे आणि ते कोणी कॅलेंडरवर छापून पैसे मिळवायचे? तर हो, कॉमन्सवर टाकलं की माझं नाव देऊन कोणीही वापरू शकतो, धंद्यासाठीसुद्धा. मला ते चालतं. पण टाकण्याआधी प्रत्येकाने हे नीट समजून घ्यावं कारण नंतर परवाना मागे घेता येत नाही.

७ डिसेंबर

कशेळी, राजापूर तालुका. कनकादित्याच्या देवळामुळे गाव सगळ्यांना माहीत, पण मी गेले सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, कोरलेल्या हत्तीसाठी. कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात हे आहे. सुमारे १८ मीटर बाय १३ मीटरचा हत्ती, जांभ्यात कोरलेला, आणि त्याच्या पोटात आणखी प्राणी, मासे, पक्षी.

अडचण ही की समोर उभं राहून तो हत्ती दिसतच नाही. पायाखाली नुसत्या खाचा, कुठली सोंड कुठली शेपूट कळत नाही. ड्रोन माझ्याकडे नाही आणि भाड्याचा परवडत नाही. पहिल्यांदा दादाच्या खांद्यावर बसून काढायचा प्रयत्न केला, अर्धाच आला. मग आत्याकडे गेलो, तिच्या पडवीत आंबे काढायची घळ होती, जाळी सोडवून बांबू तेवढा घेतला. त्याच्या टोकाला मोबाईल सुतळीने आणि वर सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळला, दहा सेकंदांचा टायमर लावला, दादाने बांबू छातीशी धरून उभा केला आणि मी खालून डावीकडे-उजवीकडे सांगत राहिले. वाऱ्याने बांबू हलतो आणि फोटो फाटतो, म्हणून वारा पडायची वाट बघायची. शेवटी फोटोऐवजी व्हिडिओ चालू ठेवला आणि त्यातले स्थिर क्षण उचलले, ते जमलं. उन्हं तिरकी झाल्यावर, साडेपाचच्या सुमारास, खाचांत सावली भरली आणि हत्ती एकदम वर आला. ती वेळ दहा-पंधरा मिनिटांचीच असते, आधी सगळी तयारी करून ठेवा.

काही जण रेषा उठून दिसाव्यात म्हणून खाचांत खडू किंवा चुना भरतात. कृपा करून करू नका. हजारो वर्षं टिकलेल्या कोरीव कामावर आपल्या एका फोटोसाठी काही ओतायचा कोणाला अधिकार नाही. पाण्यानेही धुऊ नका, तिरकं ऊन पुरतं.

आणि जागेचे अचूक अक्षांश-रेखांश मी दिले नाहीत, गावापर्यंतचेच दिले. ज्या सड्यांवर अजून कुंपण नाही, राखणदार नाही, तिथली नेमकी जागा जगाला सांगायच्या आधी गावाला विचारावं असं माझं मत आहे. यावर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, दोन मतं आहेत, मी माझ्यावर ठाम आहे.

२१ डिसेंबर

विजयदुर्ग. हा लेख मला सगळ्यात जास्त मनापासून करायचा होता. वाघोटण खाडीच्या तोंडावर तिहेरी तटाचा किल्ला, आंग्र्यांच्या आरमाराचं मुख्य ठाणं, १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. हा सगळा भाग सोपा, संदर्भ ढीगभर आहेत.

कठीण भाग हेलियमचा. आमच्या भागात लहानपणापासून ऐकत आलोय की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी लॉकियर या इंग्रज सूर्य-अभ्यासक साहेबाने विजयदुर्गावरून सूर्य बघितला आणि हेलियमचा शोध लागला. किल्ल्यात ओटे आहेत, त्यांना साहेबाचे ओटेच म्हणतात. १८ ऑगस्टला इथे हेलियम दिवस साजरा होतो. फलक, पेपरातली कात्रणं, फॉरवर्ड, सगळीकडे हेच. धूळपाटीवरच्या, म्हणजे विकिपीडियावरच्या माझ्या कच्च्या पानावरच्या मसुद्यात ती जागा मी ‘संदर्भ हवा’ म्हणून मोकळी ठेवली होती.

ओट्यांपाशी फोटो काढत होते, रक्षकाने स्टँड लावू दिला नाही म्हणून हातातच धरून, तेवढ्यात गावातले एक आजोबा येऊन बसले. काय करतंस विचारलं, सांगितलं. मग ते म्हणाले, “गो बाय, माझो आजो तेवा ल्हान पोरगो. सायब बोटीतसून इलो, वांगडा खलाशी. हयसर दुर्बिणी मांडल्यान. भर दुपारचो काळोख पडलो आणि कोंबडे आरवाक लागले.”

मी ते होतं तसं वहीत उतरवलं. परतीच्या एसटीत वाचत बसले आणि दोन गोष्टी खटकायला लागल्या. बोटीतून आला, तेही ऑगस्टात? भर पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे, या किनाऱ्याला कोण बोटीने येतो. आणि भर दुपारी?

२८ डिसेंबर

१८६८ च्या ग्रहणाच्या वेळा शोधल्या. भारतात ते सकाळी होतं, दुपारी नाही. म्हणजे आजोबांच्या आज्याने बघितलेलं ग्रहण हे नव्हेच.

मग लॉकियर त्या दिवशी कुठे होता ते बघितलं. तो इंग्लंडमध्ये होता. ऑगस्ट १८६८ चं ग्रहण भारतात येऊन बघणारा फ्रेंच माणूस म्हणजे पिएर जान्सेन, आणि तो होता गुंटूरला. त्याला सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यात, तेजस्वी रेषा दिसल्या आणि त्या इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही दिसतील असं त्याला वाटलं, दुसऱ्या दिवशी त्याने तसं करूनही दाखवलं. लॉकियरने तेच काम इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे २० ऑक्टोबर १८६८ ला केलं, ग्रहणाशिवाय. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एक पदक काढलं. ती पिवळी रेषा सोडियमच्या रेषांच्या जवळ पण त्यांच्याशी न जुळणारी, ती कुठल्या तरी नव्या मूलद्रव्याची असणार हे लॉकियरने मांडलं. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ मध्ये, विल्यम रॅमझीला, एका युरेनियमच्या खनिजातून.

वाचून खूप वाईट वाटलं, लपवत नाही. हेलियम विजयदुर्गचा, हे आम्ही शाळेत छाती फुगवून सांगितलंय.

४ जानेवारी २०२६

वही कामाला आली. ‘विझियाद्रुग’ आणि ‘लॉकियर’ असं एकत्र टाकलं आणि धडाधड पानं उघडली. २२ जानेवारी १८९८. खग्रास ग्रहण, सावली रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून जमिनीवर आली आणि ईशान्येकडे देशभर गेली. आणि विजयदुर्गावर तळ होता खुद्द नॉर्मन लॉकियरचा! मेलपोमीन नावाच्या ब्रिटिश आरमारी जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी त्याच्या मदतीला. विजयदुर्गच्या निरीक्षणांचा अहवाल रॉयल सोसायटीने छापलाय, आणि लॉकियरच्या ग्रहणांवरच्या पुस्तकाची जी आवृत्ती १९०० साली निघाली तिच्यातही ही हकिगत आहे. ग्रहण दुपारचं. जानेवारी, म्हणजे समुद्र शांत, बोटी चालू. आजोबांचा शब्द न् शब्द जुळला.

म्हणजे साहेब आला होता, खलाशी आले होते, दुर्बिणी मांडल्या होत्या, सगळं खरं. तीस वर्षांच्या अंतराची दोन ग्रहणं आणि एकच नाव, त्यात वर्ष बदललं आणि हेलियम येऊन चिकटला. १८९८ त तो सूर्याच्या किरीटाचे, म्हणजे खग्रास ग्रहणात भोवती दिसणाऱ्या प्रभेचे, आणि कडेचे वर्णपट घ्यायला आला होता. त्याआधीही तो भारतात येऊन गेलेला, १२ डिसेंबर १८७१ चं ग्रहण त्याने केरळातल्या बेकलच्या किल्ल्यातून बघितलं. आणि १८९८ च्या त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूरकडे जेऊरला तळ टाकून होते, आपल्या माणसांपैकी अशी मोठी मोहीम काढणारा हा माणूस, त्यांच्याबद्दल मराठीत भरपूर लिहायला हवं. लक्ष्यांच्या यादीत नाव घातलं.

कामाची गोष्ट: रॉयल सोसायटीचे ७० वर्षांपेक्षा जुने लेख फुकट वाचता येतात, पैसे भरून डाउनलोड करायला सांगणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका. आणि ज्यांची ५०० संपादनं आणि सहा महिने झालेत आणि नेमाने संपादन चालू आहे त्यांना विकिपीडिया लायब्ररीतून बरीच एरवी बंद असलेली नियतकालिकं उघडतात. अर्ध्या लोकांना हे माहीतच नसतं.

१ फेब्रुवारी

लेखात ‘ग्रहण निरीक्षणं’ असा विभाग केला. १८९८ ची मोहीम सविस्तर, १८६८ ला कोण कुठे होतं ते तीन ओळींत, आणि स्थानिक समजूत म्हणून १८ ऑगस्टच्या हेलियम दिवसाचा उल्लेख. ओट्यांबद्दल एकच वाक्य, त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. आजोबांची हकिगत लेखात घालता येत नाही, छापील आधार नसलेलं ऐकीव तिथे ‘मूळ संशोधन’ ठरतं आणि ते चालत नाही. नियम बरोबर आहे, पण त्यांच्या ‘भर दुपारी’ शिवाय मी १८९८ पर्यंत पोचलेच नसते, म्हणून निदान इथे ती लिहून ठेवली.

८ फेब्रुवारी

लॉकियरने १८६८ मध्ये इथून हेलियम शोधला हे जुनं वाक्य दोन दिवसांत कोणीतरी लेखात परत घातलं. मी तो बदल उलटवला नाही, लेखाच्या चर्चा पानावर गेले. तिथे लिहिलं, लॉकियर १८६८ मध्ये भारतात होता असं सांगणारा त्या काळातला एक कागद दाखवा, मी स्वतः ते वाक्य वर आणून ठेवते. समोरच्या सदस्याने पेपरातल्या बातम्या दिल्या, सगळ्या गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या. मी १८९८ चे अहवाल पानांसकट दिले. शेवटी तेच म्हणाले की मग ‘असे मानले जाते’ करू. त्याने भागत नाही, कोण मानतं ते सांगावं लागतं, म्हणून स्थानिक परंपरा असं स्पष्ट लिहिलं आणि दोघांच्या संमतीने राहिलं. या सगळ्यात आठवडा गेला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

विजयदुर्गच्या मैत्रिणीचा फोन मात्र जड गेला. म्हणाली, “अगं गावाकडे सांगण्यासारखं तेवढं एकच होतं, तेही तू काढून घेतलंस.” तिला म्हटलं काढून घेतलं नाही गं, जगातला तेव्हाचा एवढा मोठा सूर्याचा अभ्यासक आपल्या किल्ल्यात मुक्काम करून गेला, तारीख आहे, अहवाल आहे, हे कोणी खोडू शकत नाही. ती गप्प झाली. चार दिवसांनी तिनेच अहवालाची लिंक मागितली, शाळेत दाखवायला.

८ मार्च

शिमग्याला घरी. पालखीचे फोटो काढले, चढवले नाहीत. माणसांचे चेहरे जवळून आलेत, घरातल्या बायका, पोरं, विचारल्याशिवाय टाकणार नाही. लांबून काढलेला, ढोल-ताशांचा एक तेवढा टाकला.

१२ एप्रिल

खर्चाचं विचारतात म्हणून. सगळं मिळून साधारण ४,५०० रुपये गेले, त्यात सगळ्यात मोठा भाग पेट्रोल आणि एसटीचा. मेमरी कार्ड ६०० चं. झेरॉक्स आणि प्रिंट २५० च्या आसपास. संदर्भांवर शून्य. स्टँड घेतला होता ९०० ला, तो जवळपास पडूनच आहे, संरक्षित किल्ल्यांवर परवानगीशिवाय लावता येत नाही, घेऊ नका. वेळ सगळ्यात जास्त खातो तो फोटो चढवण्यात, आमच्याकडे रेंज रात्री दहानंतरच बरी असते, म्हणून गावातूनच फोटोंना नावं आणि वर्णनं लिहून ठेवते आणि रत्नागिरीला आल्यावर एकदम चढवते.

सदस्य पान आज पुन्हा उघडलं. भटकंतीतल्या बऱ्याच गावांपुढे अजून रिकामंच आहे. कशेळी, पूर्णगड, विजयदुर्ग पुढे खूण झाली. नायगमवालांचा मसुदा धूळपाटीवर आहे, त्यांच्या वेधशाळेची माहिती जमवतेय, पुण्यात कोणाला त्या वेधशाळेची जुनी छायाचित्रं बघायला मिळाली तर चर्चा पानावर लिहा.

पावसाळ्यात होड्या बंद होतील त्याआधी सुवर्णदुर्ग करायचाय. हर्णैच्या होडी चालवणाऱ्या एका तांडेलकाकांशी बोलणं झालंय, भरती-ओहोटी बघून ते सकाळी लवकर नेणार, म्हणजे किनाऱ्यावरून किल्ल्याचा लांबचा फोटो आदल्या संध्याकाळीच घ्यायला लागेल. आदल्या दिवशीच दापोलीला मुक्काम करतोय.